बारावीनंतरची तीन वर्षं



लातूरची बैठक खरं तर बचत गटांच्या कर्जवसुलीबद्दल होती. हप्ते, व्याज, दारात येऊन बसणारे वसुलीवाले, यावर चार तास बोलणं झालं. चहा होऊन सतरंज्या गोळा करायची वेळ आली तेव्हा औसा तालुक्यातल्या एका गावातून आलेल्या बाईनं पिशवीतून शाळेची दोनशेपानी वही काढली. पुढच्या बाजूनं लेकीच्या नोट्स, मागच्या बाजूनं आईचा हिशेब. लेक लातुरात बी.फार्मसीच्या पहिल्या वर्षाला. जागा सरकारी प्रवेशप्रक्रियेतून मिळालेली, घर ओबीसी, उत्पन्न आठ लाखांच्या खूप खाली. म्हणजे शिक्षण शुल्क माफ, परीक्षा शुल्क माफ.

"ताई, फी माफ झाली म्हणतेत समदे. आम्ही गावात पेढे वाटले. मंग हे काय लागलंय माझ्यामागं?"

मी वही वाचली. खोलीचं भाडं महिना दोन हजार. मेस अठ्ठावीसशे. दोन्ही दहा महिन्यांचे. कॉलेजनं 'इतर शुल्क' या नावाखाली घेतलेले साडेसात हजार. अ‍ॅप्रन, प्रयोगवह्या, पुस्तकं. पंधरवड्याला एकदा घरी यायचं तर एसटीचं भाडं. बेरीज पासष्ट हजारांच्या घरात. आणि तिच्याखाली एक रेघ मारून दुसरी बेरीज, पैसे आणले कुठून याची. गटातून पंधरा, मायक्रोफायनान्सचे तीस, पोत गहाण ठेवून पंधरा, उरलेले भावाकडून. चारांपैकी तीन कर्जं तिच्या एकटीच्या नावावर, आणि भावाचे पैसेही तिनंच मागून आणलेले.

बैठक पुन्हा बसली. सतरंज्या पुन्हा अंथरल्या.

८ जुलै २०२४चा शासन निर्णय आपल्यापैकी बहुतेकींना माहीत आहे. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क आधी निम्मं माफ होतं, ते २०२४-२५पासून पूर्ण माफ झालं. खाजगी विनाअनुदानित कॉलेजंही त्यात आली. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्थेच्या पातळीवर घेतलेले प्रवेश मात्र वगळले. निर्णय चांगला आहे आणि त्याचं स्वागत मी करते. "मुलीवर एवढा पैसा घालायचा?" या प्रश्नाला निदान एक उत्तर तयार झालं. ज्या घरात भाऊ आणि बहीण दोघंही इंजिनिअरिंगला जाण्याजोगे आहेत तिथं पहिल्यांदाच बहिणीचं शिक्षण कागदावर स्वस्त दिसायला लागलं. हे थोडं नाही.

पण त्या वहीनं मला एक गोष्ट दाखवली, जी माझ्या ध्यानात आली नव्हती. मुलींसाठी राज्यात ज्या योजना आहेत त्यांची वयं एकापुढे एक मांडून पाहा. गावातल्या मुलीला एसटीचा पास मोफत, तो बारावीपर्यंत. 'लेक लाडकी' योजनेत मुलगी अठराची झाली की पंच्याहत्तर हजार रुपये मिळणार. पण ती योजना १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलींसाठी, म्हणजे पहिली मुलगी तो पैसा हातात घेईल ती २०४१ साली. 'लाडकी बहीण'चे महिना दीड हजार एकवीस वर्षं पूर्ण झाल्यावर, आणि एका घरातली एकच अविवाहित स्त्री त्यात बसते. आज जी मुलगी अठराची आहे, बारावी होऊन पदवीला बसली आहे, तिचा पास संपलेला असतो आणि दीड हजार सुरू झालेले नसतात. बारावी ते एकवीस. बरोबर पदवीची तीन वर्षं. हीच तीन वर्षं मुलीच्या लग्नाच्या बोलण्यांची असतात आणि हीच वर्षं सरकारच्या हिशेबातून गळलेली आहेत. ती भरून काढते आई, आणि भरते कर्जानं.

कर्जच का? कारण प्रवेशाचं कॅलेंडर आणि शेताचं कॅलेंडर यांची कधी गाठ पडत नाही. नांदेड आणि लातूर सोयाबीनचे जिल्हे. प्रवेशाच्या फेऱ्या जून ते ऑगस्टमध्ये चालतात. त्याच वेळी घरातला होता नव्हता पैसा बी-बियाणं, खत आणि फवारणीत गेलेला असतो. सोयाबीन बाजारात जातं ते दसरा-दिवाळीला. तेही गेलं तर. २०२५च्या ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यात गावं पाण्याखाली गेली आणि सप्टेंबरच्या अतिवृष्टीनं मराठवाडाभर उभं पीक कुजलं. त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५३२८ रुपये जाहीर झाला होता. ज्यांचं शेतच वाहून गेलं त्यांनी तो कुठं घ्यायचा? खोलीमालक आणि मेसवाली मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला हजर. (मेसवालीही आपलीच बाई आहे, गॅसचा भाव तिलाही चुकत नाही. तिला यात खलनायिका करू नये.)

पासाची गोष्ट वरवर क्षुल्लक वाटते, म्हणून थोडं थांबते. २०१५च्या दुष्काळात आपल्या लातूर जिल्ह्यातल्या एका शिकणाऱ्या मुलीनं जीव दिला, कारण एसटीच्या पासाचे पैसे घरात नव्हते. त्यानंतर दुष्काळी भागातल्या विद्यार्थ्यांचे पास माफ झाले. एक मुलगी गेल्यावर. पदवीच्या विद्यार्थिनीला आज पासात सवलत मिळते, दोनतृतीयांश रक्कम माफ होते, उरलेला तिसरा हिस्सा आगाऊ आणि रोख भरावा लागतो. १७ मार्च २०२३पासून सगळ्याच बायकांना एसटीचं तिकीट अर्धं झालं, याचा उपयोग बाजाराला, दवाखान्याला, माहेरी जाणाऱ्या प्रत्येकीला झाला. ज्या सरकारला राज्यातल्या सगळ्या बायकांचं अर्धं तिकीट परवडतं, त्याला किनवट-माहूरहून, देगलूरहून, जळकोटहून कॉलेजला येणाऱ्या मुलीच्या पासाचा तिसरा हिस्सा परवडू नये?

वसतिगृहांचंही तसंच. अनुसूचित जातींच्या मुलामुलींना वसतिगृहात जागा मिळाली नाही तर 'स्वाधार' योजनेतून खोली-जेवणाचे पैसे त्यांच्या खात्यात येतात. त्याच धर्तीवर इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांसाठी 'ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना' आली. वहीवाल्या बाईंना ती माहीतच नव्हती. आमच्यापैकी सहा जणींना माहीत नव्हती, हे जास्त लाजिरवाणं. पण माहीत असून तरी किती? जिल्ह्याला जागा सहाशे. नांदेड जिल्ह्यात तालुके सोळा. तालुक्याला चाळीसही येत नाहीत, त्यातही मुलं-मुली मिळून. शुल्कमाफीला संख्येची मर्यादा नाही आणि जेवणखाणाला आहे, ही या धोरणातली मोठी फट आहे. शुल्क कॉलेजला जातं. जेवणाचा पैसा मुलीच्या हातात येतो. सरकारला पहिला देताना जड जात नाही, दुसऱ्याला मोजमाप लागतं.

नांदेडच्या बैठकीत याच्याही पुढचं ऐकायला मिळालं. तिथं निम्म्या बाया टाकलेल्या होत्या. नवरा दुसरीबरोबर राहतो, घटस्फोट झालेला नाही, पोटगीचा दावा पडून आहे, लेक हुशार आहे. उत्पन्नाच्या दाखल्याला गेलं की बापाचं उत्पन्न विचारतात. जात पडताळणीला बापाकडचे पुरावे. शिष्यवृत्तीच्या अर्जात बापाचा आधार क्रमांक. 'लाडकी बहीण'च्या ई-केवायसीतही सप्टेंबर २०२५मध्ये नवऱ्याचा नाहीतर बापाचा आधार मागितला गेला. ओरड झाल्यावर विधवा आणि घटस्फोटितांसाठी कागद देण्याची सोय केली. विधवेकडे मृत्यूचा दाखला असतो, घटस्फोटितेकडे कोर्टाचा हुकूम. टाकलेल्या बाईकडे कोणता कागद असतो? तिला टाकल्याचा दाखला कुठल्या कचेरीत मिळतो? १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या बाळांच्या नावात आईचं नाव लावायचा निर्णय सरकारनं घेतला तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या होत्या. नावात आई आली, उत्पन्नात अजून बापच आहे.

एका बाईनं सांगितलं, दाखल्यासाठी तिनं नवऱ्याच्या गावी जाऊन त्याच्या पाया पडून सही आणली. अकरा वर्षांनी ती त्याच्या दारात गेली होती. लेकीला आजही ठाऊक नाही.

आता नव्या शैक्षणिक धोरणाकडे येते. संलग्न कॉलेजांत ते २०२४-२५पासून लागू झालं. पदवी चार वर्षांची होऊ शकते, तीन वर्षांनीही घेता येते, आणि मधेच सोडलं तर एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका. मिळवलेली श्रेयांकं सात वर्षांपर्यंत जमा राहतात, पुन्हा येऊन पुढचं शिकता येतं. कागदावर हे सुंदर आहे. नोकरी लागली म्हणून सोडणाऱ्या मुलाला ते उपयोगीही पडेल. पण आपल्याकडे मुलगी पहिल्या वर्षानंतर कॉलेज सोडते तेव्हा ती नोकरीला जात नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं, आणि आपल्याच विद्यापीठाच्या क्षेत्रातल्या परभणी जिल्ह्यात हा आकडा ४८ टक्के होता. अशा प्रदेशात "एक वर्षाचं सर्टिफिकेट मिळालं की, आता बास" हे वाक्य घरोघर किती सोयीचं आहे, याचा विचार धोरण लिहिणाऱ्यांनी केलेला दिसत नाही. पूर्वी अर्धवट शिक्षण सोडवलं तर निदान ते अर्धवट म्हणून टोचायचं. आता त्यावर शिक्का मिळेल. सात वर्षांत ती परत येईल म्हणता? सात वर्षांत तिची दोन लेकरं शाळेत जातील.

मी धोरणाच्या विरोधात नाही. माझी मागणी साधी आहे. प्रत्येक कॉलेजनं दर वर्षी सांगावं, मधेच बाहेर पडलेल्यांत मुली किती, मुलगे किती, आणि परत आलेल्यांत किती.

कर्जाच्या प्रश्नावर आमच्यात भांडण झालं, ते लपवत नाही. तरुण कार्यकर्त्यांचं म्हणणं, आईनं सावकारी का सोसायची, मुलीनं सरळ बँकेचं शैक्षणिक कर्ज काढावं. चार लाखांपर्यंत बँकेनं तारण मागायचं नाही असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत, साडेसात लाखांपर्यंत केंद्राच्या हमी योजनेची सोय आहे, वसतिगृह आणि पुस्तकांचा खर्चही त्यात धरता येतो. साडेचार लाखांच्या आत उत्पन्न असेल तर व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण चालू असेतो व्याज केंद्र सरकार भरतं, कॉलेज मात्र मूल्यांकन झालेलं हवं. सगळं खरं. नोव्हेंबर २०२४मध्ये केंद्रानं मंजूर केलेल्या 'पीएम विद्यालक्ष्मी'चंही त्यांनी नाव घेतलं. तिच्यात तर जामीनही लागत नाही. पण ती देशातल्या निवडक ८६० संस्थांसाठी सुरू झाली, क्रमवारीत वर असलेल्यांसाठी. आपल्या मुली ज्या कॉलेजांत शिकतात त्यांतली किती त्या यादीत असतील याचा अंदाज तुम्हीच करा.

ज्येष्ठ बायांचं म्हणणं वेगळं होतं. "कर्ज असलेली पोरगी कोण करून घेईल?" हे ऐकून तरुण मुली चिडल्या. मीही आधी चिडले. मग त्या बाईनं पुढचं वाक्य म्हटलं: "आन् केली तरी तिचा पगार कुणी फेडायला देईल का?" यावर कुणाला बोलता येईना. मुलीच्या नावचं कर्ज लग्नानंतर सासरचं होत नाही आणि तिचा पगार मात्र सासरचा होतो. हुंड्याच्या बोलणीत कर्जाची रक्कम भर म्हणून मांडली जाईल ही भीती हवेतली नाही. तरीही माझं मत तरुणींच्या बाजूला झुकतं, एवढ्यासाठी की बँकेच्या कर्जाला नियम आहेत, मुदत आहे, आणि नोकरी लागेतो थांबायची सवलत आहे. आईच्या कर्जाला यातलं काहीच नाही. पण सरकारनं शुल्क माफ करायचं आणि पोटाचा खर्च मुलीच्या कर्जावर ढकलायचा, याला मी धोरण म्हणणार नाही.

मायक्रोफायनान्सबद्दल एवढं पाठ करून ठेवा, कारण नियम आपल्याला कुणी सांगत नाही. रिझर्व्ह बँकेचे हे नियम एप्रिल २०२२पासून लागू आहेत. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला मिळणारं हे कर्ज विनातारण असतं. घराचे सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त जाता कामा नयेत. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर वसुली नाही. वसुली ठरलेल्या जागी करायची. लागोपाठ दोनदा बाई तिथं आली नाही तरच घरी जाता येतं. मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. व्याज आणि आकार यांचा कागद तिला समजणाऱ्या भाषेत द्यायचा. लातूरच्या बैठकीत हे वाचून दाखवलं तेव्हा बाया हसल्या. एकीच्या दारात आदल्याच रात्री साडेनऊला माणूस आला होता.

तारण म्हटलं की सातबारा येतो. १९९२ साली सरकारनं 'लक्ष्मीमुक्ती'चा निर्णय काढला, नवऱ्यानं अर्ज केला तर बायकोचं नाव जमिनीला लावायचं. १९९४मध्ये राज्यानं पहिलं महिला धोरण आणलं, त्याच वर्षी वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला हिस्सा देणारा कायदा केला, आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. मी तेव्हा शिबिरांतून सांगत फिरत होते की विद्यापीठ जवळ आलं, जमीन नावावर आली, आता मुलीला कोण अडवतं. किती भाबडी होते! विद्यापीठ खरंच जवळ आलं. जमीन कितीजणींच्या नावावर आली ते आपापल्या घरचा सातबारा काढून बघा.

'लातूर पॅटर्न'बद्दल एकच परिच्छेद, कारण त्याच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. बारावीच्या गुणवत्ता याद्यांनी लातूरचं नाव राज्यभर केलं, आणि त्यामुळे गावोगावच्या मुली घर सोडून शिकायला आल्या, हे त्याचं खरं पुण्य. पण क्लासची फी माफ करणारा शासन निर्णय कुणी काढलेला नाही. सरकारी प्रवेशप्रक्रियेतून जागा मिळाली तरच शुल्क माफ. ती जागा मिळवायला आधी दोन वर्षं क्लास. २०२४च्या नीट परीक्षेच्या पेपरफुटीच्या तपासात लातूरचं नाव आलं तेव्हा आम्हाला वाईट वाटलं, आणि आश्चर्य वाटलं नाही, याचं जास्त वाईट वाटलं.

आता कामाचं. अर्थसंकल्पाचे दिवस दर वर्षी येतात आणि आपण ८ मार्चच्या कार्यक्रमांत गुंतलेल्या असतो. २०२१ला तर राज्याचा अर्थसंकल्प ८ मार्चलाच मांडला गेला, आणि आपल्यातल्या बहुतेक जणी त्या दुपारी भाषणं करत होत्या. या वेळी अधिवेशनाच्या आधी आमदारांना गाठायचं आहे. मोर्चा काढून नव्हे, वही घेऊन. पास पदवीपर्यंत वाढवा, 'आधार' योजनेतल्या जिल्ह्याच्या सहाशे जागा काढून टाका, टाकलेल्या बाईचं स्वतःचं प्रतिज्ञापत्र उत्पन्नाच्या दाखल्याला चालवा. या तीन मागण्यांवर दोन्ही जिल्ह्यांतल्या बायकांचं एकमत झालं. 'इतर शुल्क' दिवाळीनंतर भरू द्यावं ही चौथी मागणी मी घातली, तीवर अजून वाद आहे. काहींना वाटतं ते शुल्क घेऊच नये.

विद्यापीठाच्या अधिसभेतही अंदाजपत्रक मंजूर होतं. वसतिगृहं आणि 'कमवा व शिका'चा दर, यांचा पैसा तिथं ठरतो. अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांनी निवडून दिलेले दहा सदस्य असतात. आपल्यापैकी पदवीधर कितीतरी आहेत. मतदार म्हणून नाव किती जणींनी नोंदवलंय? मी हा प्रश्न नांदेडला विचारला तेव्हा तीन हात वर झाले. माझा त्यात नव्हता. आता अर्ज आणून ठेवला आहे.

बँकांच्या जिल्हा समितीची बैठक दर तिमाहीला होते, अग्रणी बँक ती बोलावते. शैक्षणिक कर्जाचे किती अर्ज आले, किती मुलींचे, किती नाकारले, हे तिथं विचारता येतं. लेखी विचारा.

पुढच्या अंकासाठी आम्हाला लेख नकोत. तुमच्या गावातल्या एका मुलीच्या एका वर्षाचा हिशेब पाठवा. काय लागलं, कुठून आणलं, कुणाच्या नावावर आणलं. नाव-गाव लिहू नका. पोस्टकार्डावर मावलं तर पोस्टकार्डावर पाठवा.

त्या दिवशी आम्ही वहीतल्या मागच्या चार पानांची झेरॉक्स काढून घेतली. संपूर्ण वहीच ठेवून घ्यावी असं माझ्या मनात होतं, तसं मी म्हटलंही. बाई म्हणाली, "नाई ताई, सोमवारी तिचं प्रॅक्टिकल हाय." तिनं वही पिशवीत घातली आणि साडेपाचची गाडी गाठायला निघाली.